पेनड्राइव्हमध्ये नुसते शॉर्टकट दिसतायत? आधी फॉरमॅट करू नका

काही वर्षांपूर्वी आत्याने माझ्यासमोर आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह ठेवला. "अरे, यांच्या एकसष्टीचे फोटो आहेत यात. परवापर्यंत दिसत होते, आता उघडतच नाहीत." आदल्या दिवशी ती झेरॉक्सच्या दुकानातून दोन फोटो छापून घेऊन आली होती. मी पेनड्राइव्ह लावला. आत सगळ्या फोल्डरवर शॉर्टकटचा तो छोटा वाकडा बाण. "व्हायरस आहे," मी म्हणालो आणि सरळ फॉरमॅट मारला. दोन मिनिटांत पेनड्राइव्ह स्वच्छ झाला आणि फोटोही गेले. गेलेल्या फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. काही फोटो आले, पण नावं गेली होती आणि कित्येक फोटो अर्ध्यावरून खाली करडे होते. काका त्यानंतर वर्षभरातच गेले.

ते फोटो व्हायरसने पुसलेच नव्हते. त्याने ते नुसते लपवले होते. पुसले मी. हे मला नंतर कळलं, आणि म्हणून हा लेख इतक्या तपशिलात लिहितो आहे. घरच्या कॉम्प्युटरला व्हायरस अनेक तऱ्हांनी लागतो, पण आपल्याकडे झेरॉक्स, सायबर कॅफे, डीटीपीवाले, कॉलेजची लॅब आणि घरचा लॅपटॉप या फेऱ्यात सर्वात जास्त भेटतो तो हा "शॉर्टकट व्हायरस". तो नीट ओळखता आणि काढता आला की बाकीच्या बहुतेक व्हायरसच्या बाबतीतही कुठे बघायचं हे हाताला कळतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण चूक इथेच होते. पेनड्राइव्ह हा नुसता वाहक असतो, व्हायरसचं बिऱ्हाड कॉम्प्युटरमध्ये असतं. पेनड्राइव्ह साफ करून त्याच बाधित कॉम्प्युटरला पुन्हा लावला की काही सेकंदांत शॉर्टकट परत येतात आणि माणूस म्हणतो, "हा व्हायरस जातच नाही." आधी कॉम्प्युटर साफ करायचा, मग पेनड्राइव्ह. हा क्रम उलटा करू नका.

तो नेमकं काय करतो

पूर्वी पेनड्राइव्ह लावताक्षणी त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू व्हायचा. या सोयीला ऑटोरन म्हणतात आणि २००८ साली आलेल्या कॉन्फिकरसारख्या व्हायरसनी तिचा भरपूर फायदा घेतला. विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हसाठी ही सोय बंद केली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये अपडेट देऊन एक्सपी आणि व्हिस्टातही बंद केली. आता व्हायरस आपोआप चालेना. मग तो तुमच्याच हाताने चालावा अशी युक्ती निघाली. तुमचे खरे फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाचे, त्याच चित्राचे शॉर्टकट पुढे मांडायचे. तुम्ही "लग्न फोटो"वर डबल क्लिक करता. शॉर्टकट आधी व्हायरसची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल, चालवतो आणि लगेच खरं फोल्डरही उघडून देतो. फोटो दिसतात, संशय येत नाही. तोवर स्क्रिप्टने कॉम्प्युटरमध्ये आपली प्रत ठेवलेली असते, कॉम्प्युटर सुरू होताना आपणही सुरू व्हायची नोंद केलेली असते आणि पुढे लावल्या जाणाऱ्या प्रत्येक पेनड्राइव्हची वाट बघत ती बसलेली असते.

यातून एक दिलासाही मिळतो. अपडेट असलेल्या विंडोजमध्ये असा पेनड्राइव्ह नुसता लावल्याने बाधा होत नाही, आतल्या शॉर्टकटवर डबल क्लिक केल्याने होते. (२०१० साली सापडलेल्या स्टक्सनेट नावाच्या व्हायरसला शॉर्टकटचं चित्र दिसणंच पुरत होतं. ती फट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बुजवली. विंडोज अपडेट करा म्हणून लोक मागे लागतात ते अशा कारणांसाठी.)

खात्री कशी करायची

पेनड्राइव्ह लावा, पण आत काहीही उघडू नका. "धिस पीसी"मध्ये पेनड्राइव्हच्या चिन्हावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. समजा वापरलेली जागा ५.८ जीबी दिसते आणि आत मात्र चार शॉर्टकट आहेत, प्रत्येकी दोन केबीचे. मग उरलेले ५.८ जीबी कुठे गेले? कुठेच नाही, तिथेच आहेत. आत्याच्या पेनड्राइव्हवर मी एवढं एक बघितलं असतं तरी पुरलं असतं.

आता एका शॉर्टकटवर उजवं क्लिक करून त्याची प्रॉपर्टीज उघडा. उजवंच क्लिक करायचं, डबल क्लिक नाही. "टार्गेट" नावाच्या चौकटीत तो शॉर्टकट कुठे नेतो ते लिहिलेलं असतं. सरळ शॉर्टकट एखाद्या फोल्डरकडे किंवा प्रोग्रामकडे नेतो. व्हायरसच्या शॉर्टकटमध्ये सुरुवातीला सीएमडी, डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा रनडीएलएल३२ या विंडोजच्याच प्रोग्रामपैकी एखाद्याचं नाव दिसेल आणि त्यापुढे कसलंतरी अर्थहीन नाव, बऱ्याचदा शेवटी व्हीबीएस हे तीन अक्षरी शेपूट असलेलं. चौकट लहान असते, म्हणून आत क्लिक करून बाणाच्या बटणाने शेवटपर्यंत सरकत वाचा. हे दिसलं की शंका उरत नाही.

या जातीचे दोन भाऊबंदही आहेत. एकात पेनड्राइव्ह उघडल्यावर आत पेनड्राइव्हच्याच नावाचा एकुलता एक शॉर्टकट दिसतो. तुमच्या सगळ्या फाइली नाव नसलेल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये ढकललेल्या असतात. दुसऱ्यात शॉर्टकट नसतोच. फोल्डरचं पिवळं चित्र असतं, पण खरं बघता तो प्रोग्राम असतो. हा ओळखायला फाइल एक्सप्लोररच्या "व्ह्यू"मध्ये जाऊन "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" चालू करा आणि यादी "डिटेल्स" पद्धतीने बघा. फोल्डरच्या पुढे "अ‍ॅप्लिकेशन" असं लिहिलेलं असेल तर ते फोल्डर नव्हे. एक्स्टेन्शन दिसण्याची ही सेटिंग मी प्रत्येक घरच्या कॉम्प्युटरवर कायमची चालू ठेवतो.

आणि व्हायरस नसलेली एक गोष्ट. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले" असं लाल पाटी दाखवणारं काही येत असेल, तर बहुतेक वेळा ते ब्राउझरचं नोटिफिकेशन असतं. कुठल्याशा साइटवर आपण "अलाउ" दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडून अनोळखी साइट काढून टाका, त्रास थांबतो. त्या पाटीवरच्या फोन नंबरला मात्र चुकूनही फोन करू नका. पलीकडचा माणूस मदतीच्या नावाखाली तुमच्या कॉम्प्युटरचा ताबा मागतो आणि मग बँकेपर्यंत पोहोचतो.

आधीची तयारी

पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. आता काम कॉम्प्युटरवर आहे. सगळं संपेपर्यंत या कॉम्प्युटरवरून नेट बँकिंग, यूपीआय, ऑनलाइन खरेदी बंद. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा आणि तो झोपी जाणार नाही अशी सेटिंग करा. जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर पूर्ण स्कॅनला कित्येक तास लागतात. मी रात्री लावून देतो.

विंडोज ८ पासून पुढे प्रत्येक विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर अँटिव्हायरस आयताच असतो. घरच्या वापराला तो चांगला आहे, हे मी मनापासून सांगतो. बाहेरचा अँटिव्हायरस विकत घेतला असेल आणि त्याची मुदत शिल्लक असेल तर तोच वापरा. मुदत संपलेला अँटिव्हायरस मात्र काढून टाका. तो स्वतः नीट काम करत नाही आणि डिफेंडरच्या आड येऊ शकतो. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवायचाही विचार नको, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. पुण्यातल्या क्विक हील या अँटिव्हायरसचा उगम एका दुरुस्तीच्या दुकानातला आहे. मूळ रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, आणि दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधले व्हायरस काढायला त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्राम लिहिले. तेव्हा व्हायरस फ्लॉपीवरून फिरायचे. फिरण्याची तऱ्हा आजही तीच आहे, फक्त फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह आला.

पहिली पायरी: चालू असलेला व्हायरस थांबवा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात "डिटेल्स" विभागात जा. नावांच्या यादीत डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट ईएक्सई दिसतं का बघा.

इथे घाईने काही करू नका. डब्ल्यूस्क्रिप्ट हा विंडोजचा स्वतःचा, खरा प्रोग्राम आहे. स्क्रिप्ट चालवणं हे त्याचं काम. व्हायरस त्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. म्हणून डब्ल्यूस्क्रिप्टची फाइल पुसायची नाही, तो कोणाची स्क्रिप्ट चालवतोय ते शोधायचं. त्यासाठी यादीच्या वरच्या शीर्षकांच्या पट्टीवर उजवं क्लिक करा, "सिलेक्ट कॉलम्स" निवडा आणि "कमांड लाइन"वर खूण करा. आता डब्ल्यूस्क्रिप्टच्या ओळीत उजवीकडे चालू असलेल्या स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता दिसेल. बहुतेक वेळा तो तुमच्या यूजर फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटा, रोमिंग किंवा टेम्प या जागेचा असतो आणि शेवटी व्हीबीएस, जेएस किंवा तत्सम शेपूट असतं. तो पत्ता कागदावर लिहून घ्या किंवा मोबाइलने फोटो काढा, पुढे लागणार आहे.

मग त्या ओळीवर उजवं क्लिक, "एंड टास्क". अशा दोन-तीन ओळी असतील तर सगळ्या बंद करा. हे आधी करायचं कारण असं की चालू स्क्रिप्ट दर काही सेकंदांनी आपली नोंद परत लिहीत असते. ती जिवंत असताना तुम्ही नोंद पुसत बसलात तर पाठोपाठ ती पुन्हा उगवते.

डब्ल्यूस्क्रिप्ट यादीत दिसलाच नाही, तर एक शक्यता म्हणजे हा कॉम्प्युटर स्वच्छ आहे आणि बाधा फक्त पेनड्राइव्हला आहे, दुकानातून आलेली. दुसरी शक्यता, व्हायरस रनडीएलएल३२सारख्या वेगळ्या प्रोग्रामच्या आडून चालतोय. दोन्ही बाबतींत पुढची पायरी करायचीच.

दुसरी पायरी: डिफेंडरला नीट कामाला लावा

स्टार्टमध्ये "विंडोज सिक्युरिटी" शोधून उघडा आणि "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन"मध्ये जा. आधी "चेक फॉर अपडेट्स". जुन्या माहितीवर केलेला स्कॅन म्हणजे गेल्या वर्षीच्या मतदारयादीत नवीन मतदार शोधणं.

त्यानंतर स्कॅनकडे धावण्याआधी दोन ठिकाणी बघा. लोक हे बघत नाहीत, आणि पुष्कळदा व्हायरस इथेच बचावतो. "मॅनेज सेटिंग्ज"मध्ये खाली "एक्सक्लूजन्स" असतं, म्हणजे डिफेंडरने जिकडे ढुंकूनही बघायचं नाही अशा जागांची यादी. घरच्या कॉम्प्युटरवर ती साधारणपणे रिकामी असायला हवी. मला एकदा एका शेजाऱ्यांच्या मशीनवर तिथे अख्खा सी ड्राइव्ह सापडला. फुकट विंडोज चालू करून देणारा "अ‍ॅक्टिव्हेटर" कोणीतरी टाकला होता, आणि तो टाकताना "अँटिव्हायरस बंद करा" ही सूचना पाळली गेली होती. डिफेंडर तेव्हापासून हिरवी खूण दाखवत बसला होता आणि बघत काहीच नव्हता. अशा नोंदी काढून टाका. दुसरं, त्याच पानावर "रिअल टाइम प्रोटेक्शन" आणि "टॅम्पर प्रोटेक्शन" चालू आहे ना बघा. स्वतःच्या घरच्या मशीनवर "ही सेटिंग तुमचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर सांभाळतो" अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसत असेल आणि बटण दाबता येत नसेल, तर कोणीतरी आतून कुलूप घातलंय असं समजा.

मग नेट बंद करा, "स्कॅन ऑप्शन्स"मध्ये जाऊन "फुल स्कॅन" लावा. तो संपला आणि सापडलेलं काढून टाकलं की त्याच यादीतला "मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस, ऑफलाइन स्कॅन" चालवा. यात कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उभं राहण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून चालणाऱ्या व्हायरसला हालचालीची संधी मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. उघडी कामं आधी सेव्ह करा. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर अशा वेळी तो लांबलचक रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून ते खातं उघडून की आधीच लिहून ठेवा, नाहीतर व्हायरस राहील बाजूला आणि लॅपटॉपच उघडणार नाही.

डिफेंडर उघडतच नाही किंवा उघडून लगेच बंद होतो, असं असेल तर दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर "मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर" मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून उतरवून घ्या. तो इन्स्टॉल करावा लागत नाही. उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो, म्हणून दर वेळी ताजा घ्यायचा. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनेही २०१७ साली सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं आहे, तिथे व्हायरस काढायची साधनं मोफत मिळतात.

तिसरी पायरी: मागे राहिलेल्या नोंदी

कॉम्प्युटर परत सुरू केल्यावर "विंडोज स्क्रिप्ट होस्ट" असं शीर्षक असलेली एक छोटी चौकट येऊन "स्क्रिप्ट फाइल सापडत नाही" असं इंग्रजीत म्हणाली, तर घाबरू नका. ही बरी बातमी आहे. व्हायरसची फाइल गेली, तिला बोलावणारी नोंद तेवढी उरली.

टास्क मॅनेजरमध्ये "स्टार्टअप अ‍ॅप्स" उघडा. बनवणाऱ्याचं नाव नसलेली, अर्थहीन अक्षरांची, किंवा "मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट" अशी नोंद दिसली तर तिच्यावर उजवं क्लिक करून "डिसेबल". मग विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून येणाऱ्या छोट्या खिडकीत इंग्रजीत शेल, कोलन, स्टार्टअप असं सलग, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर मारा. जे फोल्डर उघडेल त्यात अनोळखी स्क्रिप्ट असेल तर पुसा. कागदावर लिहिलेल्या पत्त्यावरही जाऊन बघा, फाइल अजून असेल तर तीही पुसा.

शेवटी स्टार्टमधून "टास्क शेड्यूलर" उघडून डावीकडच्या लायब्ररीवर क्लिक करा. दर एक-दोन मिनिटांनी एखादी स्क्रिप्ट चालवायचं काम कोणी लावून ठेवलंय का, ते "अ‍ॅक्शन्स" या भागात कळतं. इथे एक सावधगिरी हवी. अ‍ॅपडेटामध्ये असणारी प्रत्येक गोष्ट व्हायरस नसते, मीटिंगची वगैरे चांगली सॉफ्टवेअरही तिथे राहतात. नुसत्या जागेवरून कोणाला चोर ठरवू नका. नाव अनोळखी, बनवणारा अनोळखी आणि चालवतोय स्क्रिप्ट, असं तिन्ही जुळलं तर काढा. शंका असेल तर पुसण्याऐवजी डिसेबल करा, ते परत फिरवता येतं. विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात त्या रजिस्ट्रीमध्ये हात घालायचा सल्ला मी घरच्या माणसाला देत नाही, एवढं केल्यावर त्याची गरज क्वचित पडते.

चौथी पायरी: गिनीपिग

आता खरा पेनड्राइव्ह लावायची घाई होते. थांबा. एखादा रिकामा, बिनमोलाचा पेनड्राइव्ह घ्या, त्यात एक नवं फोल्डर आणि एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. साफ केलेल्या कॉम्प्युटरला तो लावून पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा. एकदा कॉम्प्युटर रीस्टार्ट करून पुन्हा बघा. फोल्डर जसंच्या तसं असेल तर मशीन स्वच्छ. फोल्डरवर बाण आला तर व्हायरस अजून आत आहे, पहिल्या पायरीवर परत या. आपलं काम पूर्ण झालं का हे सांगणारी याहून साधी परीक्षा मला माहीत नाही.

पाचवी पायरी: फोटो परत आणा

बाधित पेनड्राइव्ह लावा. आत काहीही उघडू नका. धिस पीसीमध्ये त्याच्या चिन्हावर उजवं क्लिक करून "स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर" निवडा. हे वेगळं करावं लागतं, कारण डिफेंडरचा फुल स्कॅन पेनड्राइव्हमध्ये आपोआप शिरत नाही. स्कॅनने शॉर्टकट आणि स्क्रिप्ट काढल्या की पेनड्राइव्ह रिकामा दिसायला लागेल. इथे माणसाच्या पोटात गोळा येतो. येऊ देऊ नका, फाइली आहेत.

त्या फोल्डरना नुसतं "हिडन" केलेलं नसतं, "सिस्टीम" असाही शिक्का मारलेला असतो. त्यामुळे "हिडन आयटम्स" चालू करूनही ते दिसत नाहीत, आणि दिसले तरी प्रॉपर्टीजमधली हिडनची खूण काढता येत नाही. तो शिक्का कमांडने पुसायचा. मी फोनवर सांगतो तसंच अक्षर-अक्षर सांगतो, इंग्रजी कळफलकावर टाइप करा.

स्टार्टमध्ये सी-एम-डी लिहून "कमांड प्रॉम्प्ट" उघडा. पेनड्राइव्हचं अक्षर ई आहे असं धरू. ई आणि त्याला लागून कोलन, मग एंटर. ओळीच्या सुरुवातीला आता ई दिसायला हवा. तिथे सी दिसत असेल तर पुढची कमांड देऊ नका, ती सी ड्राइव्हवर चालवायची नाही. आता लिहा: ए-टी-टी-आर-आय-बी, मोकळी जागा, वजा एस, मोकळी जागा, वजा एच, मोकळी जागा, वजा आर, मोकळी जागा, चांदणी-टिंब-चांदणी, मोकळी जागा, तिरकी रेघ एस, मोकळी जागा, तिरकी रेघ डी. वजा आणि त्यापुढचं अक्षर जोडून, तिरकी रेघ आणि अक्षरही जोडून. ही तिरकी रेघ प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. एंटर मारा. एस म्हणजे सिस्टीमचा शिक्का, एच हिडनचा, आर रीड ओन्लीचा, तिन्ही उतरवले. शेवटच्या दोन खुणा ही आज्ञा आतल्या फोल्डरपर्यंत पोहोचवतात. फाइली जास्त असतील तर थोडा वेळ लागेल. "सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन" या नावाबद्दल नकार आला तर तिकडे दुर्लक्ष करा, ते विंडोजचं स्वतःचं फोल्डर आहे.

फाइल एक्सप्लोररमध्ये पेनड्राइव्ह पुन्हा बघा. फोल्डर ठळक पिवळ्या रंगात परत आलेले असतील. नाव नसलेलं एखादं फोल्डर दिसलं तर घाबरू नका, तुमच्या फाइली त्यातच असतील. फोटो, पीडीएफ, वर्डच्या फाइली, टॅलीचा डेटा, जे आपलं आहे ते कॉम्प्युटरवर कॉपी करा. शॉर्टकट, स्क्रिप्ट, अनोळखी ईएक्सई कॉपी करू नका. दोन-चार फोटो प्रत्यक्ष उघडून बघा, फोल्डरचं वजन मघाच्या ५.८ जीबीशी जुळतंय का तेही बघा. हे सगळं झालं, की आता पेनड्राइव्ह खुशाल फॉरमॅट करा.

एवढं करूनही नाही गेला तर

गिनीपिगच्या परीक्षेत मशीन दोनदा नापास झालं, तर मी हट्ट धरत नाही. डेटा काढून घ्यायचा आणि सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी या वाटेने "रीसेट धिस पीसी", त्यात "रिमूव्ह एव्हरीथिंग". दुकानदार याचे पैसे घेतात, घरी करता येतं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. घरच्या वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट घेतली तर ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मशीन विंडोज ११ चालवण्याजोगं असेल तर याच वेळी तेही करून घ्या.

फाइलींच्या नावापुढे विचित्र नवं शेपूट लागलंय, उघडत नाहीत आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी आहे, तर तो शॉर्टकट व्हायरस नव्हे, रॅन्समवेअर आहे. वरच्या पायऱ्यांनी फाइली परत येणार नाहीत. नेट तोडा, चिठ्ठीचा फोटो काढा, पैसे देऊ नका. "नो मोअर रॅन्सम" या प्रकल्पाच्या साइटवर काही जातींच्या किल्ल्या मोफत मिळतात, तिथे बघा. खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

कुठलाही व्हायरस निघाला असला तरी पासवर्ड बदला, आणि ते मोबाइलवरून बदला. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड चोरून नेणं हा आजच्या व्हायरसचा मुख्य धंदा आहे. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्या पासवर्डची चावी तिथे असते. मग बँक. गूगल खात्यातली अनोळखी डिव्हाइस साइन आउट करा, व्हॉट्सअ‍ॅपच्या "लिंक्ड डिव्हाइसेस"मध्ये अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर काढून टाका.

झेरॉक्सच्या दुकानात जाताना

छापायचं तेवढंच असलेला वेगळा पेनड्राइव्ह न्या. घरी आल्यावर उघडायचाच नाही, सरळ फॉरमॅट. किंवा पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानाला पाठवा आणि छापून झाल्यावर तुमच्यासमोर पुसायला लावा, विशेषतः आधार, पॅन, सातबारा असेल तेव्हा. दुकानाच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं ईमेल उघडू नका. आणि तिथून व्हायरस आला हे कळलं तर दुकानदाराला जाऊन सांगा, भांडायला नव्हे. दिवसभरात त्याच्या मशीनला कितीतरी पेनड्राइव्ह लागतात आणि बिचाऱ्याला बहुधा पत्ताच नसतो. त्याच्या टास्क मॅनेजरमध्ये कमांड लाइनचा कॉलम लावून ती एक ओळ दाखवा. मी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तेच केलं. अर्धा तास लागला, आणि तेव्हापासून तिथे लावलेला माझा पेनड्राइव्ह एकदाही बाण घेऊन घरी आलेला नाही.